भिंतीवरच्या मॉसमधील रोटिफर : ओळख पटवायची तर प्राणी जिवंतच हवा

भिलाई : पावसाने जोर धरला की भिलाईच्या सेक्टर वसाहतींतील जुन्या क्वार्टरांच्या कुंपणभिंतींवर, पाण्याच्या टाक्यांच्या पायथ्याशी आणि पन्हळींखालच्या ओट्यांवर हिरव्या मखमलीसारखा थर चढू लागतो. पाऊस ओसरल्यावर तो तपकिरी पडतो, बोटाने चुरडला जाईल इतका वाळतो आणि दिवाळीच्या रंगकामाआधी तारेच्या ब्रशने खरवडून टाकला जातो. घरात राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती भिंतीला लागलेली ओल असते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र नखाएवढ्या त्या हिरव्या चकतीत एक संपूर्ण वस्ती नांदत असते. रोटिफर हा त्या वस्तीतील एक ठळक रहिवासी. त्याची लांबी साधारणपणे ०.१ ते ०.५ मिलिमीटर असते, शरीरात सुमारे एक हजार पेशी असतात आणि मेंदू, जबडे, जठर व पाय अशी सगळी व्यवस्था तेवढ्यात सामावलेली असते.

हा प्राणी पाहणे सोपे आहे. शाळेतील साधा सूक्ष्मदर्शक, मॉसचा लहानसा तुकडा आणि चमचाभर पाणी एवढे साहित्य त्यासाठी पुरते. तो नेमका कोणता रोटिफर आहे हे सांगणे मात्र अनुभवी अभ्यासकांनाही कठीण जाते. कीटक टाचणीला टोचून ठेवता येतो, वनस्पती दाबून वाळवता येते, मासा बाटलीत जतन करता येतो. मॉसमधल्या रोटिफरांच्या बाबतीत यातील कोणताही मार्ग उपयोगी पडत नाही. जतन करायला जावे तर तो आकसून आकारहीन गोळा होतो आणि ओळखीच्या सगळ्या खुणा त्या गोळ्यात गडप होतात. त्यामुळे तो जिवंत आणि हलताचालता असतानाच ओळखावा लागतो, आणि हे काम जिथे मॉस आहे तिथल्याच माणसाला सर्वांत चांगले जमू शकते. संग्रहालयाच्या कपाटावर फार विसंबता येत नाही.

शेवाळ, शैवल आणि मॉस

मराठी बोलीत पाण्यावरच्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतात आणि भिंतीवरच्या मखमलीलाही. शास्त्रीय मराठीत त्यांत फरक केला जातो. तळ्यातील तवंग बहुधा शैवलांचा असतो. भिंतीवरची मखमल म्हणजे मॉस, अर्थात ब्रायोफायटा गटातील एक छोटी वनस्पती. तिला खोड आणि पानांसारखे भाग असतात. खरी मुळे आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका मात्र नसतात. पाऊस, धुके किंवा दव यांतून मिळणारे पाणी ती सर्व अंगाने शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की तितक्याच लवकर गमावते. भारतात जुन्या भिंतींवर, विशेषतः चुना व सिमेंटच्या गिलाव्यावर, ‘हायोफिला’ वंशातील मॉस सर्वत्र आढळते. वाळल्यावर त्याची पाने आतल्या बाजूला वळतात आणि पाण्याचे दोन थेंब पडताच काही क्षणांत पुन्हा उलगडतात.

मॉसच्या दाट पानांमध्ये पाण्याचा पातळ थर अडकून राहतो. त्या थरात जीवाणू, एकपेशीय शैवले आणि कुजणाऱ्या पदार्थांचे कण असतात. रोटिफर त्यांवर जगतात. त्यांच्यासोबत सूत्रकृमी असतात आणि ‘जल-अस्वल’ या नावाने ओळखले जाणारे आठ पायांचे टार्डिग्रेडही असतात. या सर्वांच्या जगण्याची अट एकच आहे : घर वाळले की स्वतःलाही वाळता आले पाहिजे.

भिलाईसारख्या ठिकाणी ही अट विशेष कडक असते. छत्तीसगडच्या मैदानी भागात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. उन्हात तापलेली सिमेंटची भिंत हवेपेक्षाही गरम होते. अशा भिंतीवर वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या प्राण्याला ओल आणि कोरड यांचे चक्र अंगवळणी पडलेले असावे लागते.

‘चाके वाहणारा’ प्राणी

‘रोटिफर’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ ‘चाक वाहणारा’ असा होतो. अनेक रोटिफरांच्या डोक्यावर बारीक रोमांची दोन वर्तुळे असतात. हे रोम ठरावीक क्रमाने वाकतात आणि सरळ होतात. त्यामुळे दोन चाके गरागरा फिरत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात काहीच फिरत नसते. लग्नमंडपावरच्या दिव्यांच्या माळेत एकेक दिवा क्रमाने लागत-विझत गेला की प्रकाश धावतो आहे असे वाटते, तसाच हा प्रकार आहे. रोमांच्या हालचालीने पाण्यात भोवरा निर्माण होतो आणि अन्नकण तोंडाकडे ओढले जातात.

जगभरात रोटिफरांच्या सुमारे दोन हजार प्रजातींची नोंद झाली आहे. त्यांतील बहुसंख्य प्रजाती मोनोगोनोंटा या गटात मोडतात. तळी, धरणे आणि नद्यांच्या पाण्यात सापडणारे ‘ब्रॅकिओनस’ किंवा ‘केराटेला’ हे याच गटातले. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर टणक कवच असते. त्यावरील काटे आणि नक्षी फॉर्मॅलिनमध्येही टिकून राहते, त्यामुळे नमुना महिन्यांनी पाहिला तरी ओळखता येतो. मॉसमध्ये राहणारे रोटिफर प्रामुख्याने बडेलॉइड या दुसऱ्या गटातले असतात. त्यांच्या सुमारे ४६० प्रजाती ज्ञात आहेत. ग्रीक भाषेत ‘बडेला’ म्हणजे जळू. हे प्राणी जळूप्रमाणेच पुढचे टोक टेकवून मागचे ओढत, शरीराची कमान करत चालतात. त्यांचे अंग मऊ असते. रेडिओची एरियल जशी नळीत नळी सरकवून आखूड करता येते, तसे त्यांच्या शरीराचे भाग एकमेकांत सरकतात. संरक्षक द्रावणाचा स्पर्श होताच ते डोके आणि पाय दोन्ही आत ओढून घेतात.

गटारीच्या गाळापासून सुरुवात

या प्राण्यांच्या वाळून पुन्हा जिवंत होण्याची पहिली नोंद तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील अंतोनी व्हान लेवेनहूक यांनी १७०२ मध्ये घराच्या छताच्या पन्हळीत साचलेला कोरडा गाळ पाण्यात भिजवला. काही वेळाने त्यात लहान प्राणी हालचाल करू लागल्याचे त्यांना स्वतः बनवलेल्या भिंगातून दिसले. ही माहिती त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. भिलाईच्या क्वार्टरवरील पन्हळीतला गाळ आज भिजवला तर पाहणाऱ्याला जवळपास तोच प्रयोग पुन्हा करता येतो.

पुढील दीडशे वर्षे हा प्राणी खरोखर मरून जिवंत होतो का, यावर युरोपात वाद चालला. आजचे उत्तर असे : तो मरत नाही, त्याचे जीवनव्यापार थांबलेले असतात. या स्थितीला निर्जल सुप्तावस्था म्हणता येईल. पाणी आटू लागले की बडेलॉइड रोटिफर डोके व पाय आत ओढून गोळा होतो आणि शरीरातील जवळजवळ सर्व पाणी गमावतो. ही क्रिया सावकाश झाली तर तो वाचतो. एकाएकी वाळला तर बहुधा मरतो. मॉस हळूहळू वाळत असल्यामुळे त्याला आवश्यक तो वेळ मिळतो. कोरड्या मॉसमध्ये नऊ वर्षे राहिलेले रोटिफर पाणी मिळताच पुन्हा चालू लागल्याची नोंद झाली आहे.

थंडीतील उदाहरण तर याहून थक्क करणारे आहे. रशियाच्या पुश्चिनो येथील संशोधकांनी सैबेरियातील अलाझेया नदीजवळच्या कायम गोठलेल्या जमिनीतून एक बडेलॉइड रोटिफर मिळवला. ज्या थरात तो होता त्याचे वय कार्बन कालमापनाने सुमारे २४,००० वर्षे ठरले. प्रयोगशाळेत तो जिवंत झाला आणि त्याने प्रजननही केले. जून २०२१ मध्ये ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. तो रोटिफर ‘अ‍ॅडिनेटा’ वंशातला होता. हा वंश जगभरच्या मॉसमध्ये सापडतो आणि भिंतीवरच्या नमुन्यातही त्याचा शोध घेता येतो.

बडेलॉइडांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा नर आजवर कोणालाही दिसलेला नाही. मादी फलनाशिवाय अंडी देते आणि त्यांतून माद्याच जन्मतात. हा प्रकार कोट्यवधी वर्षे चालू असावा असे दीर्घकाळ मानले जाई. अलीकडील काही जनुकीय अभ्यासांत मात्र या प्राण्यांमध्ये अधूनमधून जनुकांची देवाणघेवाण होत असल्याच्या खुणा आढळल्या असून त्यावर चर्चा सुरू आहे. ओळख पटवणाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे. ‘ज्यांचा परस्पर संकर होऊन प्रजननक्षम संतती होते ती एक प्रजाती’ ही पाठ्यपुस्तकातील व्याख्या येथे लागू पडत नाही. उरते ती शरीररचना, वागणूक आणि डीएनए.

नमुना कसा घ्यावा

मॉसचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरेसा असतो. तो चाकूने अलगद सोडवून कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो आणि आतले प्राणी मरतात. पाकिटावर दिनांक, नेमके ठिकाण, मॉस कशावर होते (सिमेंट, वीट, झाडाची साल, दगड), ती बाजू उन्हाची होती की सावलीची, आणि त्या वेळी मॉस ओले होते की कोरडे, हे लिहावे. सावलीत वाळवलेले पाकीट अनेक महिने ठेवता येते. या प्राण्यांच्या अभ्यासातील ही मोठी सोय आहे.

पाहण्याच्या दिवशी तुकडा उथळ काचेच्या बशीत ठेवून तो जेमतेम बुडेल इतके पाणी घालावे. पावसाचे पाणी उत्तम. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास ते एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जाते. काही प्राणी अर्ध्या तासात हालचाल करू लागतात, काहींना चार-सहा तास लागतात. त्यानंतर मॉस बोटांनी हलके पिळून बशीच्या तळाशी जमलेला गाळ ड्रॉपरने काचपट्टीवर घ्यावा. वरची झाकणकाच थेट ठेवली तर तिच्या भाराने प्राणी चिरडतो. म्हणून तिच्या कडांखाली मॉसचे दोन-चार बारीक तुकडे आधाराला ठेवावेत. शोधण्यासाठी शंभरपट आणि तपशील पाहण्यासाठी चारशेपट वर्धन पुरते. मोबाइलचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगाला लावून चित्रफीत घेणे हा आजच्या काळातील सर्वांत उपयुक्त उपाय आहे. या प्राण्याचे एकच छायाचित्र फारसे काही सांगत नाही. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत मात्र तो चालताना, चाके उघडताना आणि पाय टेकताना असा तीन अवस्थांत दिसू शकतो.

ओळखीच्या पायऱ्या

पहिला प्रश्न : हा रोटिफर आहे का? आठ आखूड पायांनी रांगणारा टार्डिग्रेड असतो, तर नुसता वळवळणारा, पायांशिवायचा दोऱ्यासारखा प्राणी सूत्रकृमी असतो. देठावर बसून तोंडाशी रोम हलवणारी घंटा दिसली तर तो ‘व्हॉर्टिसेला’ हा एकपेशीय जीव समजावा. रोटिफराची खात्रीची खूण त्याच्या शरीराच्या पुढच्या भागात असते. तेथे एक छोटा अवयव सतत आपटत असतो. नवख्यांना तो हृदय वाटतो. प्रत्यक्षात ते अन्न दळणारे जबडे असतात.

दुसरा प्रश्न : डोक्यावर चाके आहेत का? प्राणी चालत असताना चाके आत असतात आणि पुढे सोंडेसारखे टोक दिसते. पाय टेकवून तो खायला थांबला की सोंड मागे जाते आणि चाके बाहेर येतात. यासाठी वाट पाहावी लागते, कधी पाच मिनिटे तर कधी तासभर. काही प्राणी चाके कधीच उघडत नाहीत. त्यांचे डोके चपटे असते, खालच्या बाजूला रोमांचा पट्टा असतो आणि ते पृष्ठभागावरून खरवडत-सरकत जातात. तो ‘अ‍ॅडिनेटा’ वंशाचा असण्याची शक्यता मोठी.

तिसरा प्रश्न : पोटात अन्न कसे दिसते? काहींच्या जठरातून एक अरुंद नळी गेलेली असते आणि अन्न तिच्यातून सरकते. काहींच्या पोटात मात्र अन्नाच्या गोल गोळ्या स्पष्ट दिसतात. गोळ्या दिसल्या तर तो ‘हॅब्रोट्रोका’ आणि त्याच्या नात्यातील कुळाचा प्राणी होय. मॉसमध्ये हा वंश वारंवार आढळतो.

चौथा प्रश्न : पायाचे टोक कसे आहे? शरीराचा मागचा निमुळता भाग म्हणजे पाय. त्यावर दोन काटे असतात आणि टोकाला चिकट स्राव सोडणारी बोटे असतात. चार बोटे असलेला चाकधारी प्राणी ‘फिलोडिना’ असू शकतो. तीन बोटे ‘मॅक्रोट्रॅकेला’ आणि ‘रोटेरिया’ यांत असतात. बोटांऐवजी चकती असेल तर ‘निओबिया’. बोटे फक्त पाय टेकवण्याच्या क्षणी बाहेर येतात आणि लगेच आत जातात. अनेकदा एका नमुन्याच्या ओळखीतला निम्मा वेळ ती मोजण्यातच जातो.

पाचवा प्रश्न : डोळे आणि अपत्ये. काही रोटिफरांना दोन लाल नेत्रबिंदू असतात. ते मानेच्या भागात, मेंदूच्या वर असतील तर ‘फिलोडिना’कडे कल जातो, सोंडेच्या टोकाशी असतील तर ‘रोटेरिया’कडे. ‘रोटेरिया’ अंडी न देता जिवंत पिल्ले जन्माला घालतो, त्यामुळे मादीच्या पारदर्शक शरीरात पिल्लू, कधी त्याचे जबडेही हलताना दिसतात. ‘मॅक्रोट्रॅकेला’ अंडी देतो आणि त्याला नेत्रबिंदू नसतात.

या पाच प्रश्नांनी बहुतेक वेळा वंश ठरतो. प्रजातीसाठी आणखी पुढे जावे लागते : दोन चाकांमधील वरच्या ओठाचा आकार, काट्यांची लांबी व त्यांमधील अंतर, त्वचेवरील सुरकुत्या किंवा दाणे आणि जबड्याच्या प्रत्येक अर्ध्यावरील मोठ्या दातांची संख्या. ही संख्या ‘२/२’ किंवा ‘३/३’ अशा सूत्राने लिहितात. दात नीट दिसण्यासाठी प्राण्याचे मऊ शरीर सौम्य ब्लीचने विरघळवून जबडे मोकळे करतात आणि हजारपट वर्धनाखाली पाहतात. म्हणजे प्राणी गमावण्यापूर्वी त्याची बाकीची सर्व माहिती टिपून झालेली असली पाहिजे. क्रम चुकला तर दात मिळतात आणि प्राणी हरवतो.

जुनी रेखाचित्रे आणि नवे डीएनए

या शाखेचा पाया हाताने काढलेल्या रेखाचित्रांवर उभा आहे. स्कॉटलंडचे जेम्स मरे हे तिचे एक प्रमुख नाव. शॅकल्टन यांच्या १९०७ ते १९०९ च्या अंटार्क्टिका मोहिमेत ते जीवशास्त्रज्ञ होते आणि तेथील बर्फाळ तळ्यांतील रोटिफरांचे त्यांनी वर्णन केले. त्याआधी, १९०६ मध्ये, त्यांनी सिक्कीम हिमालयातील रोटिफरांवर रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला होता. ऑस्ट्रियातील योसेफ डोनर यांनी १९६५ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेला बडेलॉइडांवरील ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. नमुने टिकत नसल्यामुळे अनेक प्रजातींच्या बाबतीत मूळ वर्णन आणि चित्र हेच एकमेव प्रमाण ठरते. चित्रकाराने एखादा काटा किंचित लांब काढला असेल, तर पुढच्या शतकातील अभ्यासकाला तो लांबच मानावा लागतो.

गेल्या दोन दशकांत डीएनएने या चित्रात भर घातली आणि गुंताही वाढवला. इटलीचे दिएगो फोंतानेतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, नर नसतानाही ‘रोटेरिया’ वंशातील रोटिफर जबड्यांचा आकार आणि डीएनए या दोन्ही निकषांवर वेगवेगळ्या प्रजातींत विभागलेले आहेत. त्याच वेळी, सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे प्राणी डीएनएच्या कसोटीवर अनेक निराळ्या वंशावळींचे निघू लागले. ‘अ‍ॅडिनेटा वागा’ हे नाव त्याचे ठळक उदाहरण. या एका नावाखाली परस्परांहून भिन्न असलेल्या अनेक प्रजाती दडल्या आहेत. म्हणजे केवळ दिसण्यावरून दिलेले प्रजातीचे नाव प्रत्यक्षात एका समूहाचे नाव असू शकते. उलट, नुसता डीएनए काढला आणि प्राण्याचे रूप टिपले नाही, तर हाती येणारी अक्षरमाला जुन्या कोणत्याही वर्णनाशी जोडता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच जिवंत प्राण्यापासून मिळवाव्या लागतात : आधी चित्रफीत, मग डीएनए.

नाव हवे कशासाठी

भारतात रोटिफरांच्या चारशेहून अधिक प्रजाती नोंदवल्या गेल्या आहेत. शिलाँग येथील नॉर्थ-ईस्टर्न हिल विद्यापीठातील अभ्यासाचा त्यात मोठा वाटा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातील मुळा नदी आणि उत्तर पश्चिम घाटातील पाणसाठ्यांमधील रोटिफरांच्या नोंदी केल्या आहेत. तथापि या यादीवर तळी, धरणे आणि नद्या यांतील कवचधारी रोटिफरांचे वर्चस्व आहे. बडेलॉइडांचा वाटा अल्प आहे आणि त्याचे कारण त्यांच्या दुर्मीळपणात शोधण्याची गरज नाही. पाण्याचे नमुने गोळा करून फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्याची रूढ पद्धतच त्यांना नजरेआड करते. बाटलीच्या तळाशी आकसलेले गोळे ‘बडेलॉइड, अनोळखी’ एवढ्या शेऱ्यावर मागे पडतात.

पोलादनगरीत या शेऱ्याला वेगळे महत्त्व येते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याभोवती आखीव वसाहत वसली. मॉसला मुळे नसल्यामुळे त्याचे पोषण मुख्यतः हवा, धूळ आणि पाऊस यांतून होते. त्यांतील धातूही त्याच्या पेशींत साठत जातात. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात या गुणधर्माचा उपयोग हवेतील जड धातू मोजण्यासाठी सुरू झाला आणि युरोपातील अनेक देश ठरावीक कालांतराने मॉसची अशी पाहणी करतात. मॉस धातूचे प्रमाण सांगते. त्या प्रमाणाचा सजीवांवर काय परिणाम होतो, हे मॉसमध्ये राहणारे प्राणी सांगू शकतात. गोड्या पाण्यातील ‘ब्रॅकिओनस’ रोटिफरांचा उपयोग विषारीपणाच्या प्रमाणित चाचण्यांत आधीपासून होतो. मॉसमधील रोटिफरांकडून अशी साक्ष घ्यायची तर प्रथम साक्षीदाराची ओळख पटली पाहिजे. कारखान्याजवळच्या भिंतीवर चार वंश आणि दूरच्या बागेतील झाडावर सात वंश, अशी तुलना तेव्हाच शक्य होते जेव्हा दोन्ही ठिकाणचे प्राणी एकाच काळजीने ओळखलेले असतात.

वैद्यकीय दृष्टीनेही हे प्राणी दुर्लक्षणीय नाहीत. बडेलॉइडांच्या जनुकांपैकी लक्षणीय भाग जीवाणू, बुरशी यांसारख्या परक्या सजीवांकडून आलेला आहे. बुरशीचा संसर्ग झाल्यावर ते जीवाणूंकडून मिळालेली, प्रतिजैविकसदृश रसायने बनवणारी जनुके कार्यान्वित करतात, असे २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. वाळताना तुटणारा डीएनए पुन्हा सांधण्याची त्यांची क्षमताही अभ्यासाचा विषय आहे. मानवाला प्राणघातक ठरणाऱ्या किरणोत्साराच्या कित्येक पट मात्रा ते सहन करतात, त्यामागे हीच क्षमता असल्याचे मानले जाते.

थांबायचे कुठे

या कामात उत्साहाइतकाच संयम लागतो. चित्रफितीत बोटे दिसली नाहीत तर वंशाचे नाव लिहू नये. ‘बडेलॉइड, चाकधारी, अंडी देणारा’ अशी नोंद अधिक मोलाची ठरते. वंश निश्चित झाला पण दात पाहिले नाहीत, तर ‘मॅक्रोट्रॅकेला, प्रजाती अनिश्चित’ असे लिहून थांबावे. युरोपीय पुस्तकातील चित्राशी साम्य आहे म्हणून तेथील प्रजातीचे नाव छत्तीसगडच्या प्राण्याला चिकटवणे ही नेहमी घडणारी चूक आहे. असे एक चुकीचे नाव यादीत शिरले की ते पुढच्या यादीत उतरते आणि काढून टाकणे कठीण होते. सैबेरियातील २४,००० वर्षांपूर्वीचा रोटिफरही अद्ययावत प्रयोगशाळेतून ‘अ‍ॅडिनेटा’ या वंशनामानेच जगासमोर आला, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना या कामासाठी नवी उपकरणे लागत नाहीत. चारशेपट वर्धनाचा सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे असतोच. एखाद्या वर्गाने एकच भिंत ठरवून पावसाळ्याच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, तसेच मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत असे वर्षातून चार वेळा नमुने घेतले. प्रत्येक प्राण्याची चित्रफीत, पायाच्या टोकाचे निरीक्षण आणि जबड्याचे सूत्र एकत्र ठेवले. आणि वाळवलेल्या मॉसचे पाकीट त्या नोंदीसोबत जपले, तर तो नमुना दुसऱ्या अभ्यासकाला पुन्हा भिजवून तपासता येतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची प्रादेशिक केंद्रे जबलपूर आणि पुणे येथे आहेत. तज्ज्ञांकडे पाठवण्यासाठी टपालाचे साधे पाकीटही चालते, कारण आतला प्राणी प्रवासात झोपलेला असतो.

भिलाईत येत्या दिवाळीपूर्वी भिंती पुन्हा खरवडल्या जातील. तारेचा ब्रश फिरवण्याआधी मॉसचा नखाएवढा तुकडा कागदात बांधून त्यावर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले, तर त्या भिंतीचे रहिवासी ओळखण्याची संधी पुढची काही वर्षे तरी शाबूत राहील.